पिकअपचे शॉकअप नेमके काय करतात, आणि ते घरी बदलता येतात का?

पावसाळा सरत आला की नाशिक–मुंबई महामार्गावरच्या खड्ड्यांची बातमी दरवर्षी ठरलेली असते, आणि 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे आता नाशिक शहरातले रस्तेही जागोजागी खोदलेले दिसतात. या बातम्यांत वाया गेलेला वेळ येतो, फुटलेले टायर येतात, अपघात येतात. मात्र गाडीचा जो भाग प्रत्येक खड्ड्यागणिक मुकाट्याने झिजत असतो, त्याचे नाव क्वचितच निघते. तो भाग म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजमध्ये त्याला कोणी शॉकॲब म्हणतात, कोणी शॉकअप. या लेखात शॉकअप हाच शब्द वापरला आहे.

माझे मामा पिंपळगाव बसवंतच्या बाजूला शेती करतात आणि हंगामात स्वतःच्या पिकअपमधून टोमॅटोचे क्रेट बाजारात नेतात. गेल्या वर्षी त्यांनी मला विचारले, "गाडी भरलेली असली की बरी चालते, पण रिकामी येताना मागून उड्या मारते. पाटे कमजोर झाले असतील का रे? दोन पाटे वाढवून घेऊ का?" हा प्रश्न अनेक पिकअपमालकांच्या मनात असतो, आणि त्यात दोन वेगवेगळ्या भागांची कामे एकमेकांत मिसळलेली असतात. ती वेगळी केली, की शॉकअप कधी बदलावेत, का बदलावेत आणि घरी बदलावेत की नाही, हे कळणे सोपे जाते.

वजन कोण पेलतो आणि हालचाल कोण थांबवतो

पिकअपच्या मागच्या चाकांच्या वर पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची एक चळत असते. तिला आपण पाटे म्हणतो. गाडीचे आणि मालाचे सगळे वजन हे पाटे पेलतात. चाक दगडावर चढले की पाटे सरळ होतात, उतरले की पुन्हा वाकतात, आणि त्यामुळे तो धक्का जसाच्या तसा हौद्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे धक्का सोसण्याचे काम मुळात पाट्यांचे आहे. शॉकअपच्या नावात धक्का असला तरी तो धक्का पहिल्यांदा त्याच्याकडे येत नाही.

पण पाट्यांचा एक स्वभाव आहे. त्यांनी घेतलेली ऊर्जा ते स्वतःजवळ ठेवत नाहीत, परत करतात. अंगणातल्या झोपाळ्याला एकदा धक्का देऊन सोडून दिले तर तो एका फेरीत थांबत नाही. पुढे जातो, मागे येतो, आणि बऱ्याच वेळाने स्थिरावतो. नुसत्या पाट्यांवर उभी असलेली गाडीही अशीच वागते. खड्डा मागे पडलेला असतो, पण गाडीचे झुलणे चालूच असते, आणि तेवढ्यात पुढचा खड्डा येतो. झोपाळ्यावर बसलेले माणूस जमिनीला पाय घासून झोका थांबवते. शॉकअप गाडीसाठी तेच करतो. झुलण्यातली ऊर्जा घेऊन तिची उष्णता करतो आणि ती हवेत सोडून देतो.

म्हणूनच नवे शॉकअप बसवल्याने गाडीची भार पेलण्याची क्षमता वाढत नाही, आणि मागून बसलेली गाडी वरही येत नाही. गाडी मागून बसली असेल तर तो पाट्यांचा दोष असतो. गाडी उडत असेल, झुलत असेल, तर बोट शॉकअपकडे दाखवावे.

काकवीतली पळी

शॉकअप ही पोलादाची बंद नळी असते आणि तिच्यात तेल भरलेले असते. नळीत एक दट्ट्या असतो. तो एका गुळगुळीत चकचकीत दांड्याच्या टोकाला बसवलेला असतो, आणि त्याला बारीक छिद्रे व पातळ पत्र्यांच्या झडपा असतात. शॉकअपचे एक टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आणि दुसरे एक्सलला, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, घट्ट बसवलेले असते. चाक वर-खाली झाले की दट्ट्या तेलातून ढकलला जातो आणि तेलाला त्या बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते.

गुऱ्हाळात काकवीच्या भांड्यात पळी फिरवलेल्यांना याचा अर्थ चटकन कळेल. पळी हळू फिरवली तर काकवी अडवत नाही. झटकन ओढली तर मात्र मनगटाला जोर लागतो. शॉकअपही असाच, वेग पाहून अडवतो. भरलेली गाडी हळूहळू खाली बसत असेल तर तो जवळजवळ आड येत नाही, आणि चाक खड्ड्यात जोरात आपटले तर तितक्याच जोराने विरोध करतो. पाट्यांचा विरोध किती वाकवले त्यावर ठरतो, शॉकअपचा किती वेगाने हलवले त्यावर. दोघांतला सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

झडपा अशा बसवलेल्या असतात की दाबले जाताना शॉकअप तुलनेने सहज जातो आणि लांब होताना जास्त अडवतो. कारण चाकाला वर जाऊ दिले नाही तर धक्का थेट चेसिसवर येईल, पण दबलेल्या पाट्यांना मोकळे सोडले तर ते हौदा वर भिरकावतील.

उष्णतेचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. गाडीच्या मागच्या भागातले 1,000 किलो वजन एका खड्ड्यामुळे 5 सेंटिमीटर खाली आले, तर सुमारे 490 ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती दोन शॉकअपमध्ये वाटली गेली आणि प्रत्येकात पाव लिटरच्या आसपास तेल धरले, तर एका हेलकाव्यात तेल साधारण अर्ध्या अंशाने तापते. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण खराब रस्त्यावर असे शेकडो हेलकावे लागोपाठ येतात आणि प्रत्येकाची उष्णता नळीच्या पत्र्यातूनच बाहेर जायची असते. तापलेले तेल पातळ होते. त्यात हवा मिसळून फेस झाला की दट्ट्या तेलाऐवजी फेसातून फिरतो, आणि फेस अडवत नाही. हे टाळण्यासाठी बऱ्याच शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन वायू भरतात. त्यांनाच बाजारात गॅसचे शॉकअप म्हणतात. वायू असला तरी अडवण्याचे काम त्यातही तेलच करते.

मग टांग्याला शॉकअप का लागत नव्हता?

हा आक्षेप मामांनीच काढला होता. पंचवटीत भाविकांना घेऊन फिरणाऱ्या टांग्यांना पाटे होते, शॉकअप नव्हते, तरी टांगे चालत होतेच. याचे उत्तर पाट्यांच्या चळतीत आहे. पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणात थोडी ऊर्जा जिरते, आणि घोड्याच्या चालीला तेवढे पुरते. मोटारी आल्या, वेग वाढला, आणि हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींना बसवलेले पहिले शॉकअपही घर्षणावरच चालत. तेलाचे शॉकअप त्यानंतर रुळले.

हेच घर्षण आज पिकअपमालकाची फसगत करते. पाटे कडक असतात आणि एकमेकांवर घासतात, त्यामुळे शॉकअप पूर्ण निकामी झाला तरी गाडी मोटारीसारखी लगेच डोलत नाही. माल भरला की ती शांत झाल्यासारखी वाटते. रिकामी झाली की मात्र सगळे उघडे पडते. पाटे पूर्ण भाराचा विचार करून बनवलेले असतात, म्हणून हलक्या हौद्याला ते झटक्यासरशी वर उडवतात. मामांची गाडी परतीच्या वाटेवरच उड्या मारत होती ती याच कारणाने. त्यात दोन पाटे वाढवले असते तर उड्या आणखी वाढल्या असत्या.

उड्या मारल्या तर बिघडते काय?

पाठ दुखते, क्रेट आदळतात, पिकलेल्या टोमॅटोला आणि द्राक्षांना मार बसतो. हे नुकसान डोळ्यांना दिसते. पण खरा धोका टायरखाली असतो. गाडी थांबते, वळते आणि सरळ चालते ती टायरच्या तळहाताएवढ्या चार ठशांच्या जोरावर. ब्रेक कितीही चांगले असले तरी हवेत असलेले चाक गाडी थांबवू शकत नाही.

गाडीचा वरचा भाग साधारणपणे सेकंदाला एक-दोन वेळा झुलतो. चाक आणि एक्सल मात्र सेकंदाला 10 ते 15 वेळा थरथरू शकतात, कारण त्यांना खालून टायरची हवा आणि वरून पाटे असे दोन्हीकडून ढकलत असतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 16.7 मीटर जाते. चाक सेकंदाला 10 वेळा उसळत असेल, तर दर पावणेदोन मीटरला टायरची पकड एकदा ढिली आणि एकदा घट्ट होते. ओल्या रस्त्यावर, कसारा घाटाच्या उतारावर, वळणात ब्रेक दाबायची वेळ आली तर हा पकडीचा खेळ जिवावर बेतू शकतो. मी शॉकअपला ब्रेकचा जोडीदार मानतो, आरामाची वस्तू मानत नाही, ते यासाठी.

या थरथरीची खूण टायरवर उमटते. टायर सारखा न झिजता ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखा झिजतो. हात फिरवला तर तळवा वर-खाली होतो. असा टायर दिसला की चाकाचे बॅलन्सिंग करून लोक मोकळे होतात, आणि थोड्या दिवसांत नवा टायरही त्याच वाटेने जातो.

शॉकअप गेला हे ओळखायचे कसे?

गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती किती वेळा डोलते ते मोजायचे, ही सगळ्यांना ठाऊक असलेली पद्धत आहे. मोटारीसाठी ती ठीक आहे, पण पिकअपच्या मागच्या बाजूला तिच्यावर विसंबू नये. रिकाम्या पिकअपचे पाटे माणसाच्या वजनाने नीट दबतच नाहीत.

त्यापेक्षा खाली वाकून पाहणे बरे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा हलका ओलसर थर असेल आणि त्यावर धूळ बसलेली असेल, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. दांड्याभोवती तेल अडवून धरणाऱ्या सीलमधून थोडा ओलावा येतोच. पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल, थेंब लोंबत असेल, तर सील गेले आणि तेल संपत आले असे समजावे. दांड्यावर गंजाचे खड्डे, नळीला पोचे, टोकाच्या कडीतल्या रबरी बुशला (बोल्टभोवतीच्या रबरी कड्याला) भेगा किंवा बोल्टभोवती लंबगोल झालेले भोक, यांतले काहीही दिसले तरी शॉकअप बदलायला आला आहे.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. खराब रस्त्यावरून वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून आल्यावर दोन्ही मागच्या शॉकअपच्या नळीजवळ आधी नुसता हात न्यावा, मग जपून स्पर्श करावा. काम करणारा शॉकअप गरम लागतो. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेल्याने काम सोडले आहे. सायलेन्सरच्या नळीला मात्र हात लागू देऊ नये.

साधारण 80,000 किलोमीटरच्या आसपास शॉकअप तपासून घ्यावेत असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. शेतातल्या वाटा आणि बाजार समितीच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीने तेवढी वाट पाहू नये. दर सर्व्हिसिंगला वाकून पाहण्यास पैसे लागत नाहीत.

घरी बदलावेत का?

माझे उत्तर निम्मे होकाराचे आहे. पाट्यांवर बसलेल्या मागच्या एक्सलचे शॉकअप घरी बदलता येतात, कारण तिथे शॉकअप आणि पाटे एकमेकांपासून सुटे असतात. वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट, आणि शॉकअप काढला तरी गाडीचे वजन पाट्यांवर तसेच राहते. पुढच्या बाजूला काही गाड्यांत शॉकअपच्या भोवतीच गुंडाळीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. तिला दाबून धरणारे खास अवजार आणि ते वापरण्याची सवय नसेल, तर ते काम गॅरेजकडेच द्यावे. याबाबत मी कोणालाही धाडस करण्याचा सल्ला देणार नाही.

नाशिकच्या सातपूर, अंबड, द्वारका अशा भागांत हे काम करणारे अनुभवी मिस्त्री असताना घरी का करावे, असा प्रश्न रास्त आहे. मजुरी वाचते हे एक कारण आहे, पण माझ्या मते ते मोठे नाही. स्वतः खाली शिरलेला मालक बुश, ब्रेकची नळी, पाट्यांना एक्सलशी आवळणारे यू-बोल्ट, चेसिसवरचा गंज हे सगळे एकदा तरी डोळ्यांनी पाहतो. ज्याला ते पाहायचे नाही, किंवा ज्याच्याकडे सपाट पक्की जागा नाही, त्याने मिस्त्रीकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

जॅकवर विश्वास ठेवू नये

मागचे शॉकअप बदलताना अनेकदा गाडी उचलावीच लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. पिकअप जमिनीपासून उंच असते. मागे लटकवलेली स्टेपनी काढून ठेवली की खाली हात घालायला जागा होते. चाके जमिनीवर असताना काम केले तर दोन फायदे होतात. गाडी पडण्याचा धोका राहत नाही, आणि एक्सल आपल्या नेहमीच्या उंचीवर राहतो. दुसऱ्या फायद्याचे महत्त्व पुढे येईल.

उचलावीच लागली तर काही गोष्टी टाळता येणार नाहीत. जमीन सपाट आणि टणक हवी. शेतातली माती किंवा उन्हात मऊ झालेले डांबर चालणार नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके लावावेत. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाके उचलली की त्याचा उपयोग संपतो, आणि गाडी पुढच्या मोकळ्या चाकांवर सरकू शकते. हँडब्रेक ओढला आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथेच चुकतात. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी पेलून धरण्यासाठी एक्सलखाली भाराला पुरतील असे लोखंडी स्टँड लावावेत. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे वापरू नयेत, ते सूचना न देता फुटतात.

आणखी एक बाब. चेसिस उचलून एक्सल लोंबत ठेवला, तर तो खाली किती जाईल हे काही अंशी शॉकअपच अडवत असतो. तो काढल्याबरोबर एक्सल आणखी खाली येऊन ब्रेकची रबरी नळी ताणू शकतो. म्हणून आधार एक्सललाच द्यावा आणि एका वेळी एकच बाजू सोडावी. काही पिकअपना मागच्या एक्सलला दांड्याने जोडलेला एक व्हॉल्व असतो, आणि तो भार पाहून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. त्या दांड्याला धक्का लावू नये.

प्रत्यक्ष काम

काम एक दिवस आधी सुरू होते. मामांच्या पिकअपचे मागचे शॉकअप बदलायचे ठरले, तेव्हा आम्ही शनिवारी संध्याकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खालची माती धुतली, तारेच्या ब्रशने बोल्टचे आटे घासले आणि गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर तसेच ठेवले. द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांतली ती काळी माती बोल्टभोवती विटेसारखी घट्ट झाली होती. सकाळी पुन्हा तेल मारले. वरचा नट 17 च्या गोटी पान्याने निमूट सुटला. खालचा 19 चा बोल्ट नटासकट फिरत राहिला. दुसऱ्या बाजूला रिंग पाना अडकवून धरल्यावरही तो सुटेना, तेव्हा मामांनी पान्याला लांब पाइप लावून हळूहळू, थोडा आवळत थोडा सोडत, तो काढला. गंजलेला बोल्ट एकदम जोर लावून एकाच दिशेने फिरवला तर तुटतो. मागे-पुढे केला तर आट्यांतला गंज चुरा होऊन बाहेर पडतो. तरीही न सुटणारा बोल्ट कापावा लागतो, म्हणून नवे बोल्ट आणि नट आधीच आणून ठेवणे शहाणपणाचे आहे. गॅस कटरची ज्योत शॉकअपजवळ कधीही नेऊ नये, कारण नळीत दाबाखालचा वायू असू शकतो. डोळ्यांवर चष्मा घालावा. खाली झोपल्यावर गंजाचा चुरा सरळ डोळ्यांतच पडतो.

जुना आणि नवा शॉकअप शेजारी उभे करून पाहिले, तेव्हा मामांची खात्री पटली. जुन्याचा दांडा त्यांनी दोन बोटांनी खाली दाबला. तो सळकन गेला, आतून तेल आणि हवा मिसळल्याचा चुळबुळ आवाज आला, आणि दांडा तिथेच पडून राहिला. नव्याचा दांडा दाबायला त्यांना अंगाचा भार टाकावा लागला, आणि सोडल्यावर तो एका लयीत, कुठेही न अडखळता, सावकाश वर आला. "हा तर नुसता पाइप झाला होता," असे म्हणून त्यांनी जुना बाजूला ठेवला. वायू नसलेला नवा तेलाचा शॉकअप मात्र सोडल्यावर आपोआप वर येत नाही. त्यामुळे वर येणे ही परीक्षा नव्हे. दाबताना आणि ओढताना शेवटपर्यंत अखंड विरोध जाणवणे, मध्येच पोकळ न लागणे, ही परीक्षा आहे.

नवा शॉकअप खोक्यात आडवा पडलेला असतो, त्यामुळे त्यातली हवा दट्ट्या फिरतो त्या नळीत शिरलेली असू शकते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण लांब करावा आणि पूर्ण दाबावा. मधला पोकळ टप्पा नाहीसा झाला की हवा निघाली. त्यानंतर तो आडवा ठेवू नये. गॅसचा शॉकअप पट्टीने दाबून बांधलेला येतो. वरचा बोल्ट बसवून खालची कडी जागेवर रोखून धरावी आणि मगच पट्टी कापावी. तो स्वतःच लांब होतो, तेव्हा बोटे मध्ये नसावीत. काही गाड्यांत एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असतो, त्यामुळे डावा-उजवा जोडताना खोक्यावरचा क्रमांक पाहावा. चकचकीत दांड्याला पक्कड कधीही लावू नये. त्यावर पडलेला केसाएवढा ओरखडाही दर फेरीला सील कापत राहतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळू लागतो.

आता उंचीचा मुद्दा. कडीतला रबरी बुश बोल्ट आवळल्यावर जागच्या जागी जखडतो, आणि चाक हलले की रबर पिळवटून हालचाल सोसते. एक्सल लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी हातानेच बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, आणि शेवटचा आवळा त्यानंतरच द्यावा. चाके जमिनीवर ठेवून काम केले तर हा प्रश्न उरत नाही, तो दुसरा फायदा हाच.

किती आवळावे हे गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटर या मापात दिलेले असते. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगले तर बोल्टवर सुमारे 98 न्यूटन-मीटर पीळ पडतो. अर्धा मीटर पान्यावर त्याच पिळासाठी 20 किलो लागतील. मोजणारा पाना भाड्याने किंवा उसना मिळाला तर उत्तमच. वरच्या टोकाला कडीऐवजी दांडा आणि रबरी चकत्या असतील, तर रबर वायसरच्या कडेपर्यंत फुगेपर्यंतच आवळावे. ते चेपून सपाट झाले तर जास्त झाले. आतून नायलॉनचे कडे असलेले नट पुन्हा वापरू नयेत.

एकच गेला असेल तर एकच बदलावा का?

नाही. एका एक्सलवरचे दोन्ही बदलावेत. एक बाजू लवकर शांत होते आणि दुसरी झुलत राहते, अशी गाडी ब्रेक लावताना आणि खराब रस्त्यावर सरळ राहत नाही. पुढचे चांगले असतील तर ते राहू द्यावेत.

जुने शॉकअप उघडून, तेल भरून, वेल्डिंग करून देणारेही भेटतात. खर्च कमी लागतो हे खरे. पण कारखान्यात नळीचे तोंड दाबून बंद केलेले असते. ते कापून पुन्हा जोडताना झडपांचे माप, तेलाचा दाटपणा आणि वायूचा दाब मूळच्यासारखा होईल याची खात्री कोण देणार? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे काम आणि घाट उतरणाऱ्या गाडीचे काम एका मापाने मोजू नये, असे मला वाटते.

"कडक शॉकअप टाकले तर जास्त माल भरता येईल" हेही काउंटरवर ऐकायला मिळते. येत नाही. भाराची मर्यादा पाटे, एक्सल, टायर, ब्रेक आणि चेसिस मिळून ठरते, आणि ती नोंदणीच्या कागदावर लिहिलेली असते. फार कडक शॉकअप रिकाम्या गाडीचे चाक खड्ड्यात उतरूच देत नाही, आणि पकड पुन्हा सुटते. मूळ मापाचेच घ्यावेत.

मागच्या पाट्यांच्या एक्सलवर शॉकअप बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करण्याची गरज नसते, कारण चाकाची दिशा तिथे पाटे ठरवतात. पुढे काम झाले असेल तर ते तपासून घ्यावे.

जुन्याचे काय करावे, आणि शेवटची तपासणी

जुने शॉकअप भंगारात देताना ते कापू नयेत, भोसकू नयेत, जाळात टाकू नयेत. एका नळीच्या गॅस शॉकअपमधला दाब 20 बारच्या पुढे असू शकतो. टायरमधला दाब त्याच्या कितीतरी खाली असतो. गळलेले तेल मातीत किंवा गटारात न सोडता डब्यात साठवून इंजिनच्या जुन्या तेलाबरोबर द्यावे.

काम झाल्यावर आम्ही चारही नटांवरून बोल्टच्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एकेक सरळ रेघ ओढली. नवे रबर पहिल्या काही फेऱ्यांत बसते आणि नट सैल पडू शकतो. रेघ तुटलेली दिसली की तो फिरला हे पान्याशिवाय कळते. मामा त्यानंतर दोन वेळा माल घेऊन गेले, रिकामे परत आले, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर मी पुन्हा खाली शिरलो. तीन रेघा जशाच्या तशा होत्या. डावीकडच्या खालच्या नटाची रेघ गव्हाच्या दाण्याएवढी सरकली होती. तो आवळला, जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली.